तिवराची मुळे आणि पुरवठ्याची साखळी

ठाकुर्ली-डोंबिवलीच्या पश्चिमेस उल्हास खाडीच्या काठी तिवराची झाडे आहेत. भरतीच्या पाण्याखालील चिखलात हवा नसते. म्हणून एकेक झाड श्वासासाठी हजारो मुळे वर काढते. काटकसरीच्या हिशेबात ही उधळपट्टीच ठरावी. परंतु त्यांतील काही मुळे गाळात गाडली गेली तरी झाड गुदमरत नाही, ते या उधळपट्टीमुळेच.

मालाच्या पुरवठ्याची आखणी करणारे गेली कित्येक वर्षे नेमके उलट करीत आले. साठा म्हणजे अडकलेले भांडवल, दुसरा पुरवठादार म्हणजे वाढीव दर, असे मानले गेले. जपानच्या टोयोटा कंपनीने हे बिनसाठ्याचे तंत्र नावारूपास आणले. आणि 2011 च्या भूकंपानंतर काही नाजूक सुट्या भागांचा साठा बाळगण्याचा आग्रह धरला तोही तिनेच.

ठाकुर्लीकरांना हा प्रश्न परका नाही. मुंबईत 1925 मध्ये विजेवरची गाडी धावू लागली आणि पुढे या गाड्यांसाठी रेल्वेने चोळे येथे स्वतःचे वीजगृह चालविले. कोळसा रुळांवरून येई, पाणी उल्हास नदीचे असे. यंत्रे जुनी झाली, बाहेरची वीज मिळू लागली आणि ते बंद पडले. त्या धुराड्यांसाठी हळहळण्याचे कारण नाही. परंतु 12 ऑक्टोबर 2020 रोजी कळवा-पडघे भागातील उच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई-ठाण्याचा मोठा भाग अंधारात गेला. लोकलगाड्या जागीच उभ्या राहिल्या. टाळेबंदीच्या त्या दिवसांत त्यांतून प्रामुख्याने अत्यावश्यक सेवेतील नोकरदारच प्रवास करीत होते. असा बिघाड झाल्यास मुंबईला राज्याच्या जाळ्यापासून अलग ठेवण्याची योजना होती, तीही तोकडी पडली. चोळ्याचे वीजगृह असते तर हे टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. प्रश्न एवढाच की, एक आधार काढून घेताना दुसरा किती भक्कम आहे, हे कोणी तपासले होते काय?

अर्थात निसर्गाचे अनुकरण डोळे मिटून करता येणार नाही. वादळात शंभर झाडे पडली तरी जंगल टिकते. निसर्गाला पडलेल्या झाडाची फिकीर नसते. बाजारात पडणारे झाड म्हणजे एखादा भाजीवाला किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील छोटा कारखानदार असतो. त्याने महिनाभराचा कच्चा माल साठवावा, असे सांगणे सोपे आहे. साठ्यावरील बँकेचे व्याज त्याने भरायचे आणि बिनघोर पुरवठ्याचा लाभ मोठ्या खरेदीदाराने घ्यायचा, हा कोणता न्याय?

म्हणून आरंभ खरेदीदारापासून, त्यातही सरकारी खात्यांपासून व्हावयास हवा. औषधे असोत की रेल्वेचे सुटे भाग, सर्वांत कमी दराच्या एकाच निविदाकाराला संपूर्ण काम देण्याऐवजी त्याचा तिसरा हिस्सा तरी दुसऱ्याकडे, शक्यतो दुसऱ्या जिल्ह्यात, द्यावा. राखीव साठ्याचा खर्चही करारातच वेगळा दाखवून खरेदीदारानेच सोसावा. दर थोडे वाढतील. लेखापरीक्षक त्यावर आक्षेप घेतील. तो घेता येणार नाही, असे नियम प्रथम करावे लागतील.