यंत्र पाठांतर ऐकत नाहीं

"पोरगा रात्र रात्र यंत्रमानव जुळवीत बसतो, परीक्षेचें काय?" असा प्रश्न अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेलेल्या आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचे पालक आम्हांस विचारतात. ही काळजी अनाठायीं नव्हे. तथापि यंत्राची योजना करण्याची विद्या सांघिक स्पर्धेंत जशी अंगीं बाणते, तशी केवळ व्याख्यानें ऐकून बाणत नाहीं, असें आमचें मत आहे.

आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनची 'रोबोकॉन' ही महाविद्यालयीन स्पर्धा २००२ सालीं टोकियो येथें प्रथम झाली. २००८ व २०१४ सालीं ती आपल्या पुण्यास भरली. २०१४ चा खेळ मोठा बोधप्रद होता. एक पालक-यंत्र व एक बालक-यंत्र. पालकानें बालकास उचलून न्यावें, झोपाळ्यावर बसवावें, खांबांवरून चालतें करावें. आणि हें सर्व तीन मिनिटांच्या आंत. बालक जड झालें तर पालकाचा हात लवतो. हलकें करावें तर त्यांत मोटार, बॅटरी व पकड बसवावी कोठें? याचें उत्तर कोणत्याहि पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नसतें. सांगाडा करणारा, वीज जोडणारा व आज्ञावली लिहिणारा यांनीं एकत्र बसूनच तें शोधावें लागतें. एकानें वाढविलेलें पावशेर वजन दुसऱ्याचें सारें गणित मोडतें.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनीं विसाव्या शतकाच्या आठव्या दशकांत हीच रीत रूढ केली. प्रत्येक विद्यार्थ्यास सारख्याच किरकोळ सामानाची पेटी द्यावयाची, व त्यांतून यंत्र करून सर्वांसमक्ष झुंजवावयाचें. चुरशीनें लढावें, पण प्रतिपक्षास अडचणींत साह्यहि करावें, हा त्यांचा आग्रह असे. ते २०१९ सालीं निवर्तले. त्यांची ही शिकवण मात्र आजहि अशा स्पर्धांतून वागते आहे.

परंतु दोष सांगणें हेंहि आमचें कर्तव्य आहे. कित्येक संघांत दोघे हुशार विद्यार्थी सर्व कांहीं करितात, आणि बाकीचे पेट्या वाहतात. ढालीच्या मोहानें तयार भाग विकत आणून जोडले, तर ती खरेदी झाली, विद्या नव्हे. म्हणून महाविद्यालयांनीं गुण विजयास न देतां प्रत्येकाच्या वहीस द्यावेत. कोणती योजना टाकून दिली व कां, हें ज्यास सांगतां येतें, तोच खरोखर शिकला.

शुभवर्तमानांतील बुरूज बांधूं पाहणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो. तो हिशेब करावयास लावणें, हेंच या स्पर्धांचें खरें काम होय. यास्तव पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलगा वा मुलगी स्पर्धेहून परत आली असतां "कितवा नंबर आला?" असें आधीं विचारूं नये, "काय चुकलें, व तें तुम्हीं कसें सुधारलें?" असें विचारावें. आणि विद्यार्थिमित्रहो, ज्या दिवशीं आपली चूक सोबत्यांसमोर मोकळेपणीं कबूल करितां येईल, त्या दिवशीं ढाल न मिळाली तरी तुम्हीं रित्या हातीं परत आलां नाहीं असें खुशाल समजावें.