होकाराआधीचा ‘पण’

लग्न ठरलं की घरात सगळ्यांना कामं लागतात. वडील हॉल बघतात, आई साड्यांची यादी करते, काका आचाऱ्याशी बोलतात, मावशी आहेराचा हिशेब मांडते. जिचं लग्न आहे तिला मात्र एकच काम असतं, खूश दिसायचं! आणि मध्येच तिच्या मनात ‘पण...’ आला तर? तो कुणाला सांगायचा, हे त्या लांबलचक यादीत कुठेच लिहिलेलं नसतं.

सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई २’ या चित्रपटाचा सगळा डोलारा याच ‘पण’वर उभा आहे. तुमच्यापैकी बहुतेकींनी तो पाहिला असेल. त्याचा पहिला भाग आला २०१० मध्ये. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, जेमतेम दोन पात्रं, एक दिवस आणि पुण्याचे रस्ते. आईवडिलांनी बघितलेल्या मुलाला नकार द्यायला म्हणून ती मुंबईहून एकटी पुण्याला येते आणि दिवसभर ज्याच्याशी भांडते, हसते, मनातलं बोलते, तोच नेमका तो मुलगा निघतो. एरवी गोष्ट इथंच संपते. पण २०१५ च्या दुसऱ्या भागात खरी गंमत सुरू झाली. लग्न ठरलंय, दोन्हीकडची मंडळी तयारीत बुडालीत, मुलगा मनापासून प्रेम करणारा आहे आणि तरी गौरीचं मन डगमगतं. आपण घाई तर केली नाही ना? त्यात तिच्या आयुष्यात पूर्वी असलेला मुलगा पुन्हा समोर येतो.

आपण थिएटरात हसलो, घरच्यांची तारांबळ बघून मजाही वाटली. पण बाहेर पडताना बऱ्याच जणींच्या तोंडी एक वाक्य होतंच, “एवढा चांगला मुलगा मिळालाय, आता हिचे कसले नखरे?”

इथंच थोडं थांबू या. मुलगा जेव्हा म्हणतो, “मला थोडा वेळ द्या,” तेव्हा आपण म्हणतो, जबाबदार आहे हो, विचार करून पाऊल टाकतोय. तेच वाक्य मुलीनं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, “तुझं बाहेर कुठं काही आहे का?” शंका एकच, पण त्याची ती समज आणि तिचे ते नखरे. का बरं? घर बदलायचं तिला, आडनाव बहुधा बदलायचं तिला, नोकरी सोडायची वेळ आली तर तीही बहुतेक तिलाच. ज्याचं जास्त बदलणार, त्यानं जास्त विचार करावा, हे तर साध्या व्यवहाराचं गणित आहे!

आता दुसरा चित्रपट बघा. जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’. मोठे तारे नाहीत, विदर्भातलं डोंगरगाव आणि त्यात काम करणारी माणसंही तिथलीच. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि ७ मार्च २०२५ ला तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्यातल्या सविताला शिकायचंय, नोकरी करायचीय. पण पाहुणे येत राहतात. तोच पाट, तेच पोहे, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती? सुरुवातीलाच तिला स्वप्न पडतं की बायका बैठकीत बसल्यात आणि मुलाला समोर बसवून हेच प्रश्न विचारतायत. आपल्याला हसू येतं आणि लगेच घशात काहीतरी अडकतं. कारण स्वप्न संपल्यावर पुन्हा पाटावर तीच बसणार असते.

दोन्ही चित्रपट लग्न ठरण्याचेच. पण गौरीला ‘मला नक्की काय हवंय?’ असं स्वतःला विचारायची सवड आहे. सविताला कुणी विचारतच नाही, तर ती शंका घेणार कशावर? तिच्या वडिलांच्या डोक्यावर कापसाच्या भावाची काळजी, हुंड्याची काळजी. तिथं मुलीचा ‘पण’ ऐकायला कुणाचे कान मोकळे असणार? वडील वाईट नाहीत हो, अडकलेले आहेत. म्हणजे मनात शंका येणं ही सगळ्यांची गोष्ट, पण ती बोलून दाखवता येणं ही अजून मोजक्या मुलींचीच चैन आहे.

आणि काहींना तर विचार करायचं वयही मिळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पाचांतली एक! मुलींचं लग्नाचं वय २१ करण्याचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. वय किती असावं यावर भरपूर वाद झाले. पण अठरा असो की एकवीस, मुलीला विचार करायला किती दिवस मिळतात, हा प्रश्न कुठे कुणी विचारला?

गंमत बघा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे नवरा-बायकोला संमतीनं वेगळं व्हायचं असेल, तर आधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. अर्ज केल्यावर पुन्हा सहा महिने थांबायचं. का, तर घाईत निर्णय नको, मन बदलू शकतं. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ करता येतात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं, तरी नियम आहेच. म्हणजे तोडताना सहा महिने विचार करा, आणि जोडताना? रविवारी पाहणं, गुरुवारी बैठक, पुढच्या मुहूर्ताला साखरपुडा! जो विचार नंतर कोर्टात बसून करायचा, त्यातला थोडा आधी घरात बसून केला तर काय बिघडेल?

अर्थात प्रत्येक शंका म्हणजे नकार नव्हे. नव्या घरात जमेल का, आईची आठवण येईल का, हा माणूस दहा वर्षांनीही असाच असेल का? अशा धाकधुकीतून तुम्ही-आम्ही सगळ्याच गेलोय. ती बोलली की हलकी होते. पण काही शंका वेगळ्या असतात. मुलगा आत्तापासून फोन तपासतो, मैत्रिणींकडे जाऊ देत नाही, चारचौघांत अपमान करतो, त्याच्या घरून रोज नवी मागणी येते. याला धाकधूक म्हणायचं नाही, हा इशारा आहे. हुंडा मागणं हा लग्नाआधीही गुन्हाच आहे. आणि साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे, कायद्यानं त्यात कुणी बांधलं जात नाही. जबरदस्ती होत असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, मुलगी अठराच्या आतली असेल तर १०९८.

“पण लोक काय म्हणतील?” हा प्रश्न येणारच. लहान गावात मोडलेल्या साखरपुड्याची चर्चा वर्षभर चालते, खोटं कशाला बोला? पुढचं स्थळ विचारतं, “आधीचं का मोडलं?” ही किंमत खरी आहे आणि ती मुलीलाच मोजावी लागते. म्हणून तर बोलायची जागा साखरपुड्याच्या आधी हवी.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात लेकीचं, भाचीचं, धाकट्या जावेच्या मुलीचं जुळत असेल तर एवढंच करा. पसंती आणि बैठक यांच्यात थोडे दिवस मोकळे ठेवा. त्या दोघांना दोन-तीनदा भेटू द्या. आणि एका दुपारी, घरात कुणी नसताना, तिला विचारा, “तुझ्या मनात काही ‘पण’ आहे का गं?” विचारल्यावर मात्र मध्ये बोलू नका. ती गप्प राहिली तरी घाई नको. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. हॉलवाल्याला आगाऊ पैसे त्यानंतरच द्या.