विजेचा हिशेब तासांत द्यावा

इंदूरच्या बडा गणपती चौकात सायंकाळी जो प्रकाश असतो, मंदिरातील पंचवीस फूट उंचीच्या मूर्तीवर पडणारा आणि बाहेर मल्हारगंजाच्या दुकानांतून रस्त्यावर येणारा, तो शहराच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागे शतकाहून दीर्घ असा राज्यव्यवहार उभा आहे याचे सहज विस्मरण होते. होळकर संस्थानात 1906 साली इंदुरास वीजपुरवठा सुरू झाला. देशातील बहुसंख्य खेड्यांनी त्यानंतरही निदान दोन पिढ्या रॉकेलच्या चिमणीवर काढल्या.

ते अंतर आता मिटले, असे सरकारी दप्तर सांगते. 2004 च्या व्याख्येप्रमाणे गावातील दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी वीज पोहोचली की ते गाव विद्युतीकृत ठरते. या हिशेबाने 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधील लेइसांग हे शेवटचे गावही नोंदीत दाखल झाले. घरोघरच्या जोडणीसाठी सौभाग्य योजना 2017 मध्येच सुरू झाली होती. या कार्याचे मोल मी कमी लेखत नाही. ज्या जगात अद्याप साठ कोटींहून अधिक माणसे, बहुतांश सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत, विजेवाचून राहतात, तेथे अल्पकाळात कोट्यवधी घरांना जोडणी देणे ही असामान्य कर्तबगारी होय. माझे म्हणणे एवढेच की जोडणीची मोजदाद ही पुरवठ्याची मोजदाद नव्हे, आणि शासनाने यापुढे आपला हिशेब खांबांत न देता तासांत द्यावा.

माळव्याला या फरकाची किंमत ठाऊक आहे. 2000 साली छत्तीसगड वेगळे झाले, वीजनिर्मितीचा मोठा वाटा तिकडे गेला, आणि भारनियमनाने त्रस्त झालेल्या मतदारांनी 2003 मध्ये बिजली, सडक, पानी या तीन शब्दांवर राज्यातील सरकार बदलले. खांब तेव्हाही उभे होते. पुढे गावठाणाचे व शेतीचे फीडर वेगळे करून 2013 पासून घरांना चोवीस आणि शेतीला दहा तास वीज देण्याची तजवीज झाली, ती खरोखर हिताची ठरली. परंतु त्या दहांपैकी काही तास रात्रीचे असले, म्हणजे गव्हाला पाणी देण्यासाठी पौषाच्या थंडीत, सापकिरड्यांच्या वाटेने, बॅटरी घेऊन निघणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवाची नोंद कोठेच होत नाही. रब्बीत सारे पंप एकदम सुरू झाले की दाब पडतो, मोटर जळते, ती पुन्हा भरून घ्यावी लागते. डीपीच जळाली तर ओलितच थांबते. हा खर्च बिलात दिसत नाही, म्हणून बेभरवशाची वीज स्वस्त भासते. वस्तुतः गरिबाला तीच सर्वांत महाग पडते. शंभर युनिटांना शंभर रुपये ही मध्य प्रदेशातील सवलत योग्यच आहे. पण सवलतीची रक्कम सरकारी तिजोरीतून वितरण कंपनीला वेळेवर चुकती झाली नाही, तर जुन्या तारा बदलण्यास पैसा उरत नाही, आणि ज्याच्यासाठी सवलत दिली त्याच्याच घरात अंधार होतो.

इंदूरकरांना हा प्रश्न परक्याचा मानता येणार नाही. आमच्या नळाचे पाणी जलूद येथे नर्मदेतून उचलले जाते आणि विजेच्या बळावर घाट चढून येते. ज्या इंदिरा सागर धरणाच्या वीजगृहाची क्षमता 1000 मेगावॉट आहे, त्याच्यासाठी 2004 मध्ये हरसूद हे नांदते गाव उठले. सरदार सरोवराच्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा 57 टक्के आणि महाराष्ट्राचा 27 टक्के. आणि त्याच खोऱ्यात, नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यात, बिलगावच्या आदिवासींनी केरळातील तरुण अभियंत्यांच्या साह्याने, स्वतः श्रमदान करून, 15 किलोवॉटचा जलविद्युत प्रकल्प 2003 मध्ये उभारला, पाड्यापाड्यांत दिवे लावले, आणि 2006 मध्ये सरदार सरोवराच्याच फुगवट्यात तो बुडाला. ज्यांच्या भूमीवर वीज निर्माण झाली त्यांचा तिच्यावरील हक्क पहिला; तो शेवटचा ठरावा हा अन्याय आहे, आणि त्याचे लाभधारक आपण आहोत.

उपाय अज्ञात नाहीत. इंदूर महापालिकेने 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे हरित रोखे विकून पाण्याच्या पंपांसाठी जलूद परिसरात 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. जे शहराच्या पंपांसाठी साधले ते खोऱ्यातील शेतीफीडरांसाठी का साधू नये? महाराष्ट्राने 2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली ती दिवसा वीज देण्यासाठीच. कायदाही दुबळा नाही: 2020 च्या ग्राहक हक्क नियमांत अखंड पुरवठ्याचे बंधन आणि कसूर झाल्यास आपोआप भरपाईची तरतूद आहे. दोन्ही राज्यांच्या नियामक आयोगांनी आता एवढे करावे: प्रत्येक फीडरवर महिन्यात किती तास, किती दाबाने आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी वीज आली हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्याची सक्ती करावी, आणि तुटीची भरपाई ग्राहकाच्या अर्जाची वाट न पाहता पुढच्याच बिलातून वजा करवावी.