पक भिंतीला लागला, आता?

आइस हॉकीच्या रील्समध्ये दोनच गोष्टी दिसतात, गोल आणि मारामारी. पण मॅच खरी अडते कुठे, माहितीये? कडेला. रिंकभोवती साधारण 107 सेंटिमीटर उंचीची भिंत असते, तिला बोर्ड्स म्हणतात. पक तिथे गेला की दोघी-तिघी त्यावर तुटून पडतात आणि आपल्याला वाटतं, जिच्यात ताकद जास्त ती जिंकणार.

तसं नसतं. कॅरममध्ये रिबाउंड मारणाऱ्यांना हे पटकन कळेल. पककडे सरळ नाकासमोर जायचं नाही, तिरकं जायचं. पोचायच्या आधीच खांद्यावरून मागे बघून घ्यायचं, कारण पक ताब्यात आल्यावर तेवढा वेळ मिळत नाही. गुडघे वाकलेले, पाय फाकलेले, आणि आपलं अंग पक आणि समोरचीच्या मध्ये. पक भिंतीला चिकटून पडला असेल तर स्टिकने उकरत बसू नका. स्केटने हलकेच ढकलून स्टिकच्या पात्यावर घ्या. आणि भिंतीपासून हात-दोन हातांवर कधीच उभं राहायचं नाही. धक्का बसला तर त्याच अंतरात माणूस डोक्यावर आदळतो. एक तर भिंतीला खेटून राहा, नाहीतर चांगलं लांब. मागून ढकलणं फाउल आहे, मान्य, पण रेफ्रीची शिट्टी मान वाचवत नाही.

आता हे शिकायला लागतं काय? भिंत आणि बर्फ. भारताच्या महिला संघाने 2025 मध्ये यूएईतल्या अल ऐनला आशिया कपचं ब्राँझ जिंकलं. या स्पर्धेतलं आपलं पहिलंच पदक. संघातल्या बहुतेक जणी लडाखच्या. तिथला नैसर्गिक बर्फ हिवाळ्यात जेमतेम दोनेक महिने टिकतो. गोठलेल्या तळ्यावर आखलेल्या रिंकला पूर्ण उंचीची भिंत असेलच असंही नाही. मग पक कुठल्या कोनात परत येईल, हे अंगवळणी पडणार कसं?

देहरादूनचं इनडोअर रिंक 2011 मध्ये बांधलं गेलं आणि मग वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं. 2025 मध्ये ते परत सुरू झालं, छान झालं. लेहमध्येही आता कृत्रिम बर्फाचं रिंक आहे. पण पदकाचे फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या आपण सगळ्यांनी एक साधा प्रश्न विचारायला हवा: या रिंकवर संघाला वर्षाचे किती दिवस सराव मिळणार? नवीन घोषणा, भूमिपूजन वगैरे नंतर बघू. बर्फ गोठवायचं मशीन रोज चालवायला वीज लागते, देखभालीला माणसं लागतात, आणि ते बिल दरवर्षी येतं. उद्घाटनाला पैसे निघतात, मग या बिलालाही निघायला हवेत.