वाशीमच्या हद्दीपलीकडील वेधशाळा

मडके विकत घेताना गिऱ्हाईक ते बोटाने वाजवून पाहते. नादावरून ते पक्के भाजले आहे की त्याला तडा गेला आहे, हे कळते. न्यूट्रॉन ताऱ्याच्या अंतरंगाचा ठाव शास्त्रज्ञ याच रीतीने घेऊ पाहत आहेत. सूर्याहून अधिक वस्तुमान जेमतेम २०-२५ किलोमीटर व्यासात कोंबलेल्या या ताऱ्याच्या गाभ्यातील द्रव्य पृथ्वीवरील कोणत्याही प्रयोगशाळेत निर्माण करता येत नाही. तारा हादरला की सेकंदाला साधारणतः १,५०० ते ३,००० वेळा कंप पावतो आणि त्यातून गुरुत्वीय लहरी पसरतात. त्या कंपनांवरून आतील द्रव्य किती ताठर आहे, याचा हिशेब मांडता येतो.

हा नाद मात्र अद्याप कोणाच्या कानी पडलेला नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या लहरी अमेरिकेतील लायगो व इटलीतील व्हर्गो वेधशाळांनी नोंदविल्या. टकरीनंतरची थरथर निसटली. एवढ्या उच्च कंपनसंख्येला उपकरणांची संवेदनक्षमता अपुरी पडते.

तशीच, ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा वाशीमला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हावयाची आहे. तत्त्वतः मान्यता २०१६ ची. सुमारे २,६०० कोटींच्या खर्चास मंत्रिमंडळाची संमती मिळावयास एप्रिल २०२३ उजाडला. ती उभी राहताच ताऱ्यांची थरथर ऐकू येईल, असे सांगणे ही अतिशयोक्ती होईल. त्यासाठी युरोप-अमेरिकेत आखल्या जात असलेल्या अधिक मोठ्या वेधशाळांचीही वाट पाहावी लागेल. परंतु लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे हिंगोलीमुळे पुष्कळच अचूक ठरेल, आणि हा लाभ लहान नव्हे.

वाशीमची अडचण निराळी आहे. रिसोड तालुक्याची हद्द ओलांडली की विदर्भ संपून मराठवाडा लागतो; अमरावतीचे विद्यापीठ जाऊन नांदेडचे येते. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या या जिल्ह्यातील तरुणांना शेजारची वेधशाळा परकी वाटली, तर दोष त्यांचा नव्हे. तेथे निर्वात नळ्या, लेसर व संगणकयंत्रणा सांभाळणारे कुशल हात लागणार आहेत. गोंगाटातून लहरींची खूण वेचण्याच्या पद्धती संजीव धुरंधर यांनी पुण्याच्या आयुकात विकसित केल्या. ते ज्ञान वाशीम, रिसोड, कारंजा येथील महाविद्यालयांपर्यंत नेण्याची जबाबदारी अमरावती विद्यापीठाने घेतली पाहिजे. वेधशाळेसाठी २०३० चे उद्दिष्ट सांगितले जाते. त्या सुमारास पदवी घेणारी मुले आज शाळेत आहेत. त्यांच्यासाठीचा अभ्यासक्रम येत्या शैक्षणिक वर्षातच आखावयास हवा.