भरतीची वाट अडवू नका : ठाणे खाडीकाठच्या रहिवाशांना जाहीर आवाहन

ठाणे, मुलुंड, भांडुप, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर येथील बंधुभगिनींनो,

ओहोटीच्या वेळी लोकल वाशीच्या पुलावर आली की डब्यातले कितीतरी हात रुमालाकडे जातात. त्या दर्पात आपल्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहे. पण कुजक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तिवरांच्या चिखलाला तो मुळातच असतो. या चिखलात वीतभर खाली ऑक्सिजन पोचत नाही. तिथे पडलेला पाला कुजवायला दोन जातींचे सूक्ष्मजीव टपलेले असतात. एक भरतीच्या पाण्यातले सल्फेट वापरून हा वासाचा वायू सोडतात, दुसरे मिथेन तयार करतात. सल्फेट मिळत राहिले तर पहिले वरचढ ठरतात. वास येतो, पण मिथेन फारसा निघत नाही.

हे सांगायचे कारण असे, की ‘पाणथळ जागांतून मिथेन निघतो, मग त्या बुजवल्या तर बिघडले काय?’ असा प्रश्न हल्ली ऐकू येतो. पाणथळ जागा हा मिथेनचा जगातला सर्वांत मोठा नैसर्गिक स्रोत आहे, हे खरेच. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट अधिक तापवतो, हेही खरे. मात्र सगळ्या पाणथळ जागा सारख्या नसतात. आयपीसीसी या हवामानबदलविषयक आंतरराष्ट्रीय समितीने 2013 मध्ये पाणथळ जागांसाठी हिशेबाची पद्धत ठरवून दिली. पुन्हा पाण्याखाली आणलेल्या किनारी जागेत दर हजार भाग पाण्यात 18 भागांहून जास्त क्षार असतील, तर तिथला मिथेन शून्य धरावा, असे ती सांगते. क्षार त्याहून कमी असतील, तर हेक्टरी वर्षाला सुमारे 194 किलो. समुद्राच्या पाण्यात क्षार साधारण 35 भाग असतात. म्हणजे मिथेनवरचा लगाम भरतीच्या हाती आहे.

हा लगाम आपणच सोडतो आहोत. रस्त्याखालची मोरी राबिटाने बुजते, खारे पाणी आत येत नाही, मागे गटाराचे आणि पावसाचे पाणी साचते. सल्फेट संपत जाते, मैल्याचे खाद्य वाढते आणि मिथेन करणाऱ्यांचे फावते. सांडपाण्यातल्या नायट्रोजनमधून नायट्रस ऑक्साइडही निघतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवणारा. बरे, भराव घालून जागा कोरडी केली, तर मुळांनी पिढ्यान्‌पिढ्या चिखलात साठवलेल्या कार्बनला हवा लागते आणि तो कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो.

नेरूळच्या डीपीएस तलावात खाडीच्या पाण्याची ये-जा अडली, तेव्हा 2024 मध्ये आरडाओरडा झाला, कारण तिथले फ्लेमिंगो सगळ्यांना दिसतात. मिथेनला ना रंग, ना वास. इमारतीमागच्या तुंबलेल्या खाजणाची बातमी होत नाही. तिथे लक्ष ठेवायला आपणच हवे.

कायदा आपल्या बाजूने आहे. खाडीचा एक भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. खारफुटी नष्ट करणे हा घटनेच्या कलम 21 ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले, आणि खारफुटीभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली.

म्हणून आमच्या चार विनंत्या :

1. घराची दुरुस्ती काढाल, तेव्हा राबिट कुठे टाकणार हे कंत्राटदाराला आधी विचारा. ‘बघतो कुठेतरी’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

2. सोसायटीच्या पुढच्या सभेत दोन गोष्टींचा खुलासा मागा. सांडपाण्याची वाहिनी पावसाळी गटाराला तर जोडलेली नाही ना? सांडपाणी प्रक्रिया यंत्र असेल, तर ते रोज चालते का?

3. भराव किंवा तोड दिसली, तर गाडीचा क्रमांक, जागा आणि वेळ यांसह लांबून छायाचित्र घ्या. वाद घालू नका. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा आणि कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील खारफुटी समितीकडे लेखी तक्रार करा.

4. आपल्या भागातली मोरी किंवा उघाडी हेरून ठेवा. ती कुठे होती आणि कधी बुजली, हे गावठाणातल्या कोळी-आगरी मंडळींना विचारा. निवट्या आणि चिंबोऱ्या कुठून नाहीशा झाल्या, हे ते बोट दाखवून सांगतील.

येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला उधाण येईल. त्या दिवशी भरतीला एक आणि ओहोटीला एक, अशी त्या मोरीची दोन छायाचित्रे एकाच जागेवरून काढा. दोन्हींत पाण्याची पातळी सारखीच दिसली, तर वाट बुजली आहे असे समजा. ती छायाचित्रे जोडून ‘मोरी मोकळी करा’ एवढा दोन ओळींचा अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

आपले,
खाडीकाठचे रहिवासी