अवजारांची पिशवी

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असा प्रश्न मला आमच्या वर्गात निदान तीन वेळा तरी विचारण्यात आला आहे. विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कवितेतली नौका असते. तिला वारा मिळाला की काम झाले. मुंबई बंदरात मात्र ओहोटीचे पाणी जोराने बाहेर धावत असते, संध्याकाळचा वारा एकाएकी पडतो, आणि नेमके त्याच वेळी समोरून एखादे अगडबंब जहाज येत असते. तेव्हा शीड हे नुसते कापड उरते. म्हणून अशा बहुतेक बोटींत, केबिनमध्ये उतरायच्या पायऱ्यांमागे, वीस-तीस अश्वशक्तीचे एक डिझेल इंजिन बसवलेले असते. बंदरात शिरताना-निघताना ते चालवायचे आणि दिव्यांच्या, वायरलेसच्या बॅटऱ्या त्यावर भरून घ्यायच्या. गेटवेसमोर नांगरलेल्या अशाच एका खाजगी बोटीची देखभाल माझे मामा करतात. गेल्या तीन उन्हाळी सुट्ट्या मी त्यांच्या हाताखाली काढल्या, तेव्हा या विषयावर मत देण्याचा थोडासा अधिकार मला आहे असे समजते.

माझे मत असे की, या इंजिनासाठी अवजारे थोडी असावीत, हाताच्या ओळखीची असावीत आणि ती निवडताना इंजिनापेक्षा ते कोठे बसवले आहे याचा विचार आधी करावा. बोटींचे मालक बरोबर उलटे करतात. नागदेवी स्ट्रीटवरून शंभर-सव्वाशे नगांची चकचकीत पेटी आणतात आणि मोठ्या कौतुकाने मामांच्या स्वाधीन करतात. आता ही पेटी उघडून ठेवायला सपाट जागा लागते, तीच बोटीत नसते. बोट जराशी कलली की सगळे सॉकेट घरंगळत तळात जातात आणि तळातल्या काळ्या पाण्यात स्थायिक होतात. खाऱ्या हवेने रॅचेटचे दात धरतात ते वेगळेच. मोटारीचे बॉनेट उघडले की वरून लख्ख उजेड पडतो. बोटीतले इंजिन लाकडी पेटीत कोंडलेले असते. समोरून एक हात जातो, बाजूच्या झडपेतून दुसरा जातो, आणि डोळे कोठूनच जात नाहीत. काम करायचे ते चाचपून. मामांचा पंजा जेथे अडतो तेथे माझा बारीक हात जातो, म्हणून तर माझी नेमणूक झाली.

आमच्या पिशवीतील माझे सर्वांत लाडके अवजार म्हणजे एक बदसूरत सतरा नंबरचा पाना. तो मूळचा रिंग पाना. रिंग पाना नटाचे सहाही कोपरे धरतो, म्हणून तो चांगला. फिक्स पाना दोनच बाजू धरतो, आणि घट्ट नटावर घसरून कोपरे खाऊन टाकतो. पण डिझेल नोझलपर्यंत नेणाऱ्या पाइपाच्या नटावर रिंग चढतच नाही, कारण मध्ये पाइप असतो. तेव्हा मामांनी करवतीने त्या रिंगला पाइप जाईल एवढी खाच पाडली. आता तो पाइपावरून सरकतो आणि खाली नटावर बसून पाच कोपरे पकडतो. असे तयार पाने विकतही मिळतात म्हणे. मिळोत बापडे.

या एका पान्यावर किती अवलंबून आहे ते सांगते. समुद्र शांत असताना डिझेलच्या टाकीतील गाळ तळाशी झोपलेला असतो. बोट उसळू लागली की तो गाळ उठतो, फिल्टरमध्ये अडकतो, आणि इंजिन गुदमरून बंद पडते. म्हणजे इंजिनाची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच ते दगा देते. यात दैवाचा काही भाग नाही, सगळी गाळाची करणी. फिल्टर बदलला तरी तेवढ्याने भागत नाही, कारण नळीत हवा शिरलेली असते, आणि डिझेल इंजिनाला हवेचा एक बुडबुडाही पचत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, फीड पंपाची छोटी दांडी अंगठ्याने दाबत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ अखंड डिझेल. स्क्रू आवळायचा. त्यानंतर “बाय, सतरा दे” अशी हाक येते. नोझलकडचे नट अर्धा आटा सैल करून इंजिन फिरवायचे, डिझेल उडू लागले की आवळायचे. हात त्या फवाऱ्यापासून दूर ठेवावा. नोझलमधून सुटणारी धार कातडीत घुसते. आणखी एक: सुरू न होता इंजिन बराच वेळ फिरवायचे असेल तर समुद्राचे पाणी आत घेणारा कॉक आधी बंद करावा. नाहीतर पंप पाणी ओढत राहतो, ते बाहेर ढकलायला धूर नसतो, आणि सायलेन्सर भरून पाणी उलटे सिलिंडरमध्ये जाऊ शकते. इंजिन लागताच कॉक उघडायचा, हे मात्र विसरू नये. सवय असेल तर सगळे दहा-पंधरा मिनिटांत होते. ही दहा-पंधरा मिनिटे संपायच्या आत बोट खडकावर न जाणे, एवढेच काय ते पणाला लागलेले असते. आणि त्यात एक नट गोल झाला तर शंभर नगांच्या पेटीने काही होत नाही.

पान्यांच्या मापांचा घोळ हा स्वतंत्र विषय आहे. 1956 च्या कायद्याने आपण मेट्रिक मापे स्वीकारली खरी, पण समुद्रावर जुनी इंग्रजी इंजिने अजून भेटतात. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये आट्यांचे प्रमाण ठरवले. त्याच्या पद्धतीच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची म्हणून हाती घेतलेल्या पान्याचे तोंड अर्ध्या इंचाहून मोठे निघते. मामांनी दारूखान्यातून, म्हणजे जुनी जहाजे जेथे तोडतात तेथून, असे काही पाने वजनावर घेतले आहेत. ते नुसते दिसायला जड. घासून तेल लावले की नवी पेटी लाजेल.

समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पंख्यांचा इंपेलर असतो. तो बाहेर काढताना दोन बाजूंनी दोन स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि तिने पंपाच्या कडेवर कायमचे ओरखडे पडतात. आम्ही मधला भाग पकडीने धरून सरळ ओढतो. पक्कड नाशिकच्या टपारियाची, साधी. पंपाच्या झाकणाचे स्क्रू चिमुकले आणि बहुधा पितळी असतात. ते तळात पडले की मालक लोहचुंबक काढतात, पण पितळेला लोहचुंबकाशी काही कर्तव्य नसते. तेव्हा झाकण खोलण्यापूर्वी खाली आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा पसरायचा. अवजारांच्या यादीत लुगड्याला जागा द्यावी असे माझे आग्रहाचे मत आहे. तसाच पावडरच्या डबीतला आरसा: इंजिनाच्या पोटाखालचा गळका नट त्यातच दिसतो. फक्त आरशात उजवे डावे होते, तेव्हा पाना फिरवण्यापूर्वी डोळे मिटावे आणि हाताला विचारावे.

फीलर गेजची गोष्ट आम्हां कला शाखेवाल्यांना विशेष रुचेल. वेगवेगळ्या जाडीच्या पोलादी पट्ट्यांचा हा पंखा. इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आहेत की नाही हे त्याने पाहतात. चार इंची कपलिंगच्या दोन तबकड्यांमधील फट कोठेही इंचाच्या चार हजारांशांहून अधिक फरकाची नसावी, आणि हे माप बोट पाण्यात असतानाच घ्यावे, कारण जमिनीवर टेकवलेल्या बोटीचा आकार थोडा बदलतो. आता ‘सुहैली’ ही 32 फुटी सागवानी बोट आपल्या मुंबईत बांधलेली. तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी इंग्लंडहून निघाला आणि कोठेही न थांबता, एकट्याने, पृथ्वीप्रदक्षिणा करून 22 एप्रिल 1969 रोजी परतला. असे करणारा तो पहिला. वाटेत बॅटरी भरायचे छोटे इंजिन बिघडले, ठिणगीची फट जुळवायची होती, आणि फीलर गेज हरवलेले. त्याने वहीची पाने मोजली. दोनशे पाने म्हणजे एक इंच; म्हणून एक पान पाच हजारांश, आणि तीन पानांची जाडी ही हवी ती फट. वहीचा याहून चोख उपयोग आमच्या वर्गात कोणी केल्याचे मला ठाऊक नाही.

खंडेनवमीला मामा ही सारी अवजारे पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आमच्याच घरात पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होते. एवढे शेजार असूनही किनाऱ्यावरच्या गावांतून आलेली आमची कितीतरी मुले नखांतले काळे तेल रॉकेलने घासून मगच वर्गात येतात, आणि मोटारबोटीवर काम केल्याचे कोणाला सांगत नाहीत. इंग्रजीच्या तासाला त्यांना कॉनरॅड शिकवतात, जो स्वतः जवळजवळ वीस वर्षे जहाजांवर राबला होता. प्राध्यापकांनी रागावू नये, पण बंदराच्या या शहरात कॉनरॅड शिकवताना वर्गात एखादा पाना फिरला तर धडा अधिक कळेल.

राहता राहिला स्क्रू पाना. स्वीडनच्या योहान्सनने 1892 मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून जगातील अर्धेअधिक नट त्यानेच गोल केले असावेत असा माझा संशय आहे. तो आमच्याही पिशवीत आहे, पण सर्वांत तळाशी. जोर नेहमी न हलणाऱ्या जबड्यावर येईल असा धरला तर तो बऱ्यापैकी वागतो. त्याच्या दांडीच्या भोकात मामांनी सुतळी ओवली आहे. काम करताना ती मनगटाला बांधतात. सुतळी सतराच्या पान्यालाही आहे, आणि ती दर पावसाळ्यानंतर बदलायची हे काम आता माझ्याकडे आहे.